मोबाइल वर्ल्ड काँग्रेसचा पास : आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये बार्सिलोनाला भरलेल्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेस या मोबाइल उद्योगाच्या मोठ्या मेळाव्याला मी जाऊन आलो, त्याला आता आठ महिने झाले. परतल्याच्या आठवड्यातच काही परिचितांनी अनुभव लिहिण्याचा आग्रह केला होता. परंतु तेव्हा लिहिले असते तर ते केवळ झगमगाटाचे वर्णन झाले असते. अशा मेळाव्याचा पास म्हणजे काही पंखा नव्हे, की बटण दाबले आणि वारा आला. खर्च वसूल झाला की नाही, हे कळायला आमच्या बाबतीत एक अख्खा पावसाळा जावा लागला.

माझी गरज आधी सांगतो, कारण तिच्यावरच पुढचे सारे मूल्यमापन अवलंबून आहे. गोव्यात पर्वरीला आमची चौघांची छोटी कंपनी आहे. फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतल्या कुळागरांसाठी, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांसाठी, आम्ही पंप दुरून चालू-बंद करणारे आणि टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणारे यंत्र तयार करतो. त्यातला मोडेम, म्हणजे यंत्राला मोबाइलच्या जाळ्याशी जोडणारा भाग, टू-जीचा होता. असा मोडेम जाळ्याशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत वीज ओढतो, आणि खेड्यातला विजेचा दाब आधीच कमी असला की आमचा स्वस्तातला पॉवर सप्लाय नेमका त्याच क्षणी मान टाकतो. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते आणि बागायतदार आम्हाला फोन करतो. शिवाय टू-जीवर आणखी किती वर्षे विसंबायचे, हा प्रश्न होताच. जिओचे टू-जी जाळे तर मुळातच नाही. तेव्हा मी बार्सिलोनाला गेलो तो नवे फोन पाहायला नव्हे, तर एक चांगला, परवडणारा फोर-जी मोडेम शोधायला.

जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना हा मेळावा भरवते. पूर्वी तो फ्रान्समधल्या कान शहरात होत असे. २००६ पासून बार्सिलोनात आणि २०१३ पासून तिथल्या फिरा ग्रान व्हिया या आठ दालनांच्या संकुलात भरतो. २०२० साली कोरोनामुळे तो ऐनवेळी रद्द झाला होता. या वर्षी ३ ते ६ मार्च या चार दिवसांत १ लाख ९ हजार लोक आले, असे आयोजकांनी जाहीर केले. पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात प्रतिनिधी कार्ड गळ्यात अडकवून रांगा लावण्याची सवय असलेल्या माणसालाही ही गर्दी पहिल्या दिवशी दडपून टाकते.

व्हिसाविषयी थोडक्यात. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मला पारपत्र हाती मिळाले ते महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायला अगदी थोडा अवधी असताना. तोवर विमानाचे तिकीट रद्द करावे लागणार असे धरूनच चाललो होतो. माझा मडगावचा एक वर्गमित्र आजोबांच्या पुण्याईने पोर्तुगीज पारपत्र बाळगून आहे. तो लिस्बनहून सकाळच्या विमानाने हात हलवत आला, हे पाहून गोव्याच्या इतिहासाविषयी माझ्या मनात जे विचार आले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

पास मी स्वस्तातला घेतला, आणि आठ महिन्यांनंतरही तो निर्णय योग्यच वाटतो. महागडा पास घेतला असता तर मोठमोठ्या अधिकाऱ्यांची आणखी भाषणे ऐकता आली असती. पण जी थोडी ऐकली त्यांतले एकही वाक्य मला आज आठवत नाही. पास फोनच्या ॲपमध्येच असतो, त्यामुळे फोनची बॅटरी संपली की प्रवेश अडला, हे लक्षात ठेवून पॉवर बँक जवळ ठेवावी. विमानतळापासून मेट्रोची ९ क्रमांकाची दक्षिण मार्गिका थेट प्रदर्शनापर्यंत नेते. आपल्या लॅपटॉपची तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अडॅप्टर गोव्यातूनच न्यावा.

पहिला दीड दिवस माझा वाया गेला, आणि दोष पूर्णपणे माझा होता. मी भेटी आधी ठरवल्याच नव्हत्या. तिसऱ्या दालनात नामांकित कंपन्यांचे बंगल्याएवढे स्टॉल आहेत. तिथे यंत्रमानव, पारदर्शक पडदे, घडीचे फोन यांच्याभोवती गर्दी असते, आणि काउंटरवरची व्यक्ती तुम्ही वर्षाला किती लाख नग घेणार असे हसतमुखाने विचारते. आम्ही वर्षाला चारशे यंत्रे विकतो. हे उत्तर ऐकल्यावर ते हसू कसे मावळते, हे मी दीड दिवसात सहा वेळा पाहिले.

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, मागच्या बाजूच्या एका दालनात, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जेमतेम दोन टेबलांच्या स्टॉलवर. तिथे विक्रीचा माणूस जेवायला गेला होता आणि एक इंजिनिअर एकटाच बसला होता. मी आमच्या पॅनेलचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला, आणि आमचा अँटेना पंपाच्या कॉन्टॅक्टरला (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला) जवळजवळ चिकटून आहे, तो वायर देऊन पेटीबाहेर काढा, असे नमस्कार-चमत्कार न करता सांगितले. मग फोर-जीचाच साधा, कमी वेगाचा 'कॅट वन बिस' प्रकारचा मोडेम आमच्यासाठी का योग्य, ते कागदावर आकृती काढून समजावले. वेग सेकंदाला १० मेगाबिटपर्यंत, अँटेना एकच, वीज ओढण्याचे झटके टू-जीपेक्षा सौम्य. ज्याची त्या वर्षी सगळीकडे चर्चा होती तो फाइव्ह-जीचा 'रेडकॅप' हा यंत्रांसाठीचा सुटसुटीत प्रकार तुमच्या पंपाला कशाला हवा, असेही तोच म्हणाला. आणि हे त्याच्या स्वतःच्या स्टॉलवर 'रेडकॅप'ची मोठी पाटी लावलेली असताना.

मी त्याला सांगितले की आमचे बागायतदार पंप सुरू करायला यंत्राला मिस्ड कॉल देतात. त्याला ते समजेना. फोन उचलायचाच नाही, तर मग करायचा कशाला, असे त्याने दोनदा विचारले. कॉल उचलला नाही तर पैसे लागत नाहीत, क्रमांक ओळखला की काम झाले, आणि सत्तर वर्षांच्या माणसाला ॲप उघडावे लागत नाही, हे मी सांगितल्यावर त्याने ते आपल्या वहीत टिपून घेतले. त्या चार दिवसांत मी कुणाला काही शिकवले असेल तर एवढेच.

आता परतल्यानंतरचा हिशेब. नमुने पाठवतो असे पाच जणांनी सांगितले होते, दोघांनी पाठवले. त्यांतली एक खेप सीमाशुल्कात अडकली, कारण रेडिओ उपकरणाच्या आयातीला लागणाऱ्या मान्यतेची कागदपत्रे आम्हीच अपुरी जोडली होती. एप्रिलअखेर त्या इंजिनिअरच्या कंपनीचा मोडेम हाती आला, आम्ही तो सावईवेऱ्याला माझ्या मामांच्या कुळागरात बसवला, आणि मामांनी मिस्ड कॉल दिला. काहीच झाले नाही. दोन दिवस डोके खाजवल्यावर उलगडले, की आलेला नमुना फक्त डेटाचा होता. टू-जीमध्ये कॉल आपसूक यायचा. फोर-जीमध्ये कॉलसाठी मोडेमला व्होल्टी, म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरूनच कॉल घेण्याची सोय, लागते, आणि ती असलेला प्रकार वेगळा मागवावा लागतो. मिस्ड कॉलवर एवढे प्रवचन देऊन मी हा एक प्रश्न विचारायचा विसरलो होतो. मामा म्हणाले, "अरे, एवढ्या लांब जाऊन आणलंस ते मुकंच निघालं!"

व्होल्टीचा नमुना मे महिन्याच्या शेवटी आला. यंत्रांसाठीच्या १३ अंकी क्रमांकाच्या सिमवर ठरावीक क्रमांकांशीच बोलता येते, ही अट आम्हाला उलट सोयीचीच ठरली, कारण भलत्याच माणसाच्या कॉलने पंप सुरू होण्याची भीती राहिली नाही. अँटेना पेटीबाहेर, पोफळीला लावलेल्या खांबावर गेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंपाचे काम नसते, पण यंत्र जाळ्यावर जिवंत आहे की नाही ते दर तासाला नोंदवले जात होते. एवढ्या पावसात दोनदा ते गप्प झाले: एकदा वीज तीन दिवस गेली म्हणून, आणि एकदा पेटीच्या भोकातून आत शिरून हुमल्यांनी, म्हणजे मुंग्यांनी, सर्किटवर घर केले म्हणून. हुमल्यांवर बार्सिलोनात कुणाकडेही तोडगा नव्हता. आम्ही वायरच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे, बसवून वर मेण ओतले.

ज्या गोष्टींनी मी तिथे सर्वाधिक भारावलो होतो, त्यांतली एकही अजून आमच्या वापरात आलेली नाही. यंत्रांमधील ई-सिम (यंत्रातच बसवलेले सिम) दुरूनच एका कंपनीवरून दुसरीवर बदलण्याचे 'एसजीपी ३२' हे मानक जीएसएमएने २०२३ साली प्रसिद्ध केले आहे, आणि दर तिसऱ्या स्टॉलवर त्याचे नाव होते. एका कंपनीचे सिग्नल गेले की बागेत न जाता दुसरी घ्यायची, ही कल्पना माझ्यासारख्याला मोहात पाडणारीच. आमच्यासारख्या चारशे नगांच्या गिऱ्हाइकाला परवडेल असा त्याचा दर मात्र अजून कुणी दिलेला नाही, म्हणून आम्ही दोन कंपन्यांची साधी सिमेच घालतो. स्टॉलवाल्यांनी पास स्कॅन केल्यामुळे येऊ लागलेली जाहिरातींची पत्रे मात्र नियमित येतात. स्कॅन करू द्यायचे की नाही हे आपल्या हातात असते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

पैशांत मोजायचे तर विमान, राहणे, पास मिळून झालेला खर्च अजून निघालेला नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या कमी झाल्याने तो येत्या उन्हाळ्यात निघेल असा आमच्या हिशेबनिसाचा अंदाज आहे. पुढचा मेळावा २ ते ५ मार्च २०२६ ला आहे. त्याला मी नव्हे, माझी भागीदार जाईल, पहिले दोनच दिवस, आणि भेटींच्या वेळा डिसेंबरातच ठरवून. विचारायच्या प्रश्नांची यादी आम्ही केली आहे. पहिला प्रश्न व्होल्टीचा आहे, आणि तो मामांनी स्वतः वाचून पास केला आहे.