राजमाची की रतनवाडी?

जिवलग मित्रांसोबत शनिवार-रविवार सह्याद्रीतल्या एखाद्या गावात राहायचे ठरले, की आमच्यासमोर ही दोन नावे हमखास येतात. राजमाचीच्या पायथ्याचे उधेवाडी लोणावळ्याहून सुमारे 15 किलोमीटरवर आहे. रेल्वेने उतरून चालत निघता येते, आणि कर्जतकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी चढण दमवणारी असली, तरी तिची मजा वेगळी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले एका सकाळी पाहून होतात.

अकोले तालुक्यातील रतनवाडी मात्र प्रवासातच बराच वेळ घेते. भंडारदरा धरणाच्या जलाशयाला वळसा घालत गावात पोहोचल्यावर अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर समोर येते आणि शीण निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनगडाची वाट धरली, तर माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकात, बसून भोवतालचा मुलूख न्याहाळता येतो. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच परिसरात आहे. मे अखेरीस, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, इथली झाडे काजव्यांनी उजळतात. त्या वेळी विजेरी बंद ठेवावी आणि गाडी झाडांपासून दूर उभी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काजवे राजमाचीलाही दिसतात. हाताशी दीडच दिवस असेल, तर तिथेच जावे. पूर्ण दोन दिवस मिळत असतील आणि गावातल्या घरी पिठले-भाकरी खाऊन रात्री उशिरापर्यंत ओसरीवर गप्पा मारायच्या असतील, तर मी रतनवाडीच निवडेन.