वोग्लरचं 'द रायटर्स जर्नी' आणि आमच्या वर्गातला 'श्वास'

बालनाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी मी शाळेतल्या मुलांना नाटक लिहून देते. यंदाचं नाटक मध्यावर येऊन अडकलं, म्हणून ख्रिस्तोफर वोग्लर यांचं 'द रायटर्स जर्नी' मागवलं. पुस्तक १९९२ चं. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या पुराणकथा चाळून नायकाच्या प्रवासाचे १७ टप्पे मांडले होते. वोग्लर यांनी सिनेमा लिहिणाऱ्यांसाठी त्यांचे १२ केले. नेहमीचं जग, हाक, हाकेला नकार, गुरूची भेट, उंबरठा ओलांडणं, असं करत शेवटी अमृत घेऊन घरी परतणं.

उदाहरणं बहुतेक हॉलिवूडची. वाचताना सगळं पटतं, पण मला शंका आली की बसणारेच सिनेमे निवडलेत. म्हणून नववीच्या मुलांना संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) दाखवला आणि फळ्यावर बारा टप्पे लिहून काढले.

सुरुवातीचे भराभर भरले. कोकणातलं घर, लहानग्या परशाचे डोळे, आजोबा त्याला घेऊन येतात ते शहरातलं हॉस्पिटल. डोळ्यांचा कॅन्सर आहे, पोर वाचवायचं तर ऑपरेशन हवं आणि ऑपरेशननंतर दृष्टी जाणार. गुरू कोण यावर चांगलीच जुंपली. अर्धा वर्ग परशावर उपचार करणाऱ्या डॉक्टर सान्यांच्या बाजूने, अर्धा हॉस्पिटलमधल्या समाजसेविका आसावरीच्या. अडलं ते 'नकारा'पाशी. संकट परशावर आलंय, पण ते पचत नाही आजोबांना. एक मुलगी म्हणाली, "बाई, परशाला कुणी विचारलंच नाही, मग तो नको कसं म्हणणार?" ती चौकट मी रिकामीच ठेवली. त्या रिकाम्या चौकटीने मला 'श्वास' जेवढा कळला, तेवढा आधीच्या तीन वेळा पाहूनही कळला नव्हता.

पुढे 'अग्निपरीक्षा', म्हणजे नायकाची सगळ्यात मोठी कसोटी. सगळ्यांनी ऑपरेशन लिहिलं. मी त्यांना पुन्हा तो भाग दाखवला. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलातून नाहीसे होतात. डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायचं असतं. परतल्यावर डॉक्टर संतापतात, तेव्हाचा आजोबा झालेल्या अरुण नलावडे यांचा चेहरा पाहा. अख्ख्या सिनेमाची कसोटी त्या दिवसात आहे. आणि वोग्लर ज्याला 'बक्षीस' म्हणतात, तेही त्याच दिवसात. परशा गावी नेतो ते अमृत म्हणजे त्या दिवशी पाहिलेलं सगळं. पुस्तकात हे टप्पे एकामागून एक येतात, इथे ते एकमेकांत मिसळलेत.

पुस्तक घ्याच. इंग्रजी सोपं आहे. प्रकरणं जरा लांबलीत, आणि एकाच नायकावर सगळा भर असल्यामुळे आजोबा-नातू अशा जोडीच्या गोष्टीला ते पुरं पडत नाही. पण अडलेल्या लेखकाला नेमके प्रश्न विचारतं. माझ्या नाटकातला मुलगा घरातून निघतो तेव्हा त्याला अडवणारं कुणीच नव्हतं, हे त्या फळ्यासमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं. आता पाचव्या पानावर त्याची आजी दारात आडवी उभी राहते. ते काम त्याच मुलीला दिलंय, सोमवारपासून तालमी.