चेनलिंक जाळी + हिरवी नेट : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

चोपडा तालुक्यात मळ्यातच घर आहे. मागे भरिताची वांगी, मिरची, थोड्या कोंबड्या. कोल्ह्यांचा त्रास वाढला म्हणून कंपाउंड केलं. 10 गेज, 2 इंची चौकडा, 5 फूट उंची, लोखंडी अँगल. 12 गेज स्वस्त पडते, पण गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, एवढं लक्षात ठेवूनच भाव करा.

जाळी चांगली आहे. राग आहे तो हिरव्या नेटचा.

दुकानदाराने गळ घातली, "आतलं दिसलं नाही तर कोल्हा येणारच नाही." म्हणून जाळीला आतून नेट बांधली आणि उत्तरेचा सातपुडा गेला! आप्पांची खाट वर्षानुवर्षं ओट्यावर त्याच तोंडाने आहे. पाऊस डोंगरावरून कसा उतरतो ते बघून ते कपाशीच्या कामाचं ठरवतात. आता समोर हिरवं फडकं. ते म्हणाले, "घरात कोंडल्यासारखं वाटतंय." पैसे मोजून आपण आपलाच डोंगर झाकला, हे मला अजून सहन होत नाही.

आणि उपयोग शून्य. कोल्हा वासावर येतो, त्याला आत बघायची गरज काय? उलट मे महिन्याच्या वादळात नेटमध्ये वारा भरला आणि कोपऱ्याचे दोन अँगल वाकले. नुसत्या जाळीतून वारा निघून जातो.

त्याच महिन्यात कोंबड्या गेल्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जाळीखाली फट पडते. तिथेच उकरलेलं होतं, जाळीची खालची कड वर वळलेली, तारेत तांबूस-करडे केस. शेजारचे बाबा बघून म्हणाले, "भाऊ, कोल्हा वरतून नई येस, खालतून येस." दुकानदार म्हणतो, जाळी तुटली नाही ना, मग तक्रार कसली? अँगलचे पैसेही द्यायला तयार नाही.

इथून माझं मत बदललं. आधी 6 फुटी जाळी घ्यायला हवी होती असं वाटायचं. आता सांगतो, उंचीवर पैसे घालू नका, बुडावर घाला. 2 फूट रुंदीची जाळीची पट्टी कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरली, उभ्या जाळीला बाइंडिंग वायरने जागोजागी आवळली, वर माती-दगड टाकले. या पट्टीला 12 गेज पुरते. कोल्हा कुंपणाला चिकटून उकरतो, नखांना तार लागते, तो सोडून देतो. दोन फूट मागे सरकून बोगदा पाडायचं त्याला सुचत नाही. पावसाळाभर उकरल्याच्या खुणा दिसल्या, कोंबडी एकही गेली नाही. फाटकाखाली मात्र फरशी बसवा, तिथे चार बोटांची फटसुद्धा नको.

कोणी तारेत थेट वीज सोडायला सांगेल. अजिबात करू नका, माणूस मरतो आणि गुन्हाही आहे. विष, फासेही नकोत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, आणि वावरातले उंदीर तोच खातो.

नेट काढली. 2 इंची चौकड्यातून डोंगर पुरता दिसतो, दोन दिवसांत जाळी डोळ्याला जाणवेनाशी होते. नेट मिरचीच्या रोपांवर सावलीला टाकली आहे, तेवढे तरी पैसे वसूल. जाळीला पाचपैकी चार, नेटला शून्य. पट्टीची जाळी मी दुसऱ्या दुकानातून आणली, वाकलेल्या अँगलच्या जागी नवेही तिथूनच आणणार.