डब्यावरचा टक्का आधी बघा: लिक्विड साबणासाठी कॉस्टिक पोटॅश फ्लेक्स

९० टक्क्यांचे कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तेलाचा साबण करणारी अल्कली) फ्लेक्स, १ किलोचा जाड एचडीपीई डबा, आत सीलबंद पिशवी. हौस म्हणून घरी लिक्विड साबण करणाऱ्याने घ्यावा तो हा माल. ५ पैकी ४ गुण. एक कापला तो पॅकिंगसाठी, त्याचं कारण पुढे येईल.

वडीच्या साबणाचा कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) इथे चालत नाही. सोड्याचा साबण घट्ट होतो, पाण्यात विरघळवला तरी गार झाल्यावर गोळा होऊन बसतो. पोटॅशचा साबण मऊ पेस्ट बनतो आणि पाण्यात सहज पातळ होतो. मोजमापही वेगळं. तेवढ्याच तेलाला सोड्याच्या १.४ पट पोटॅश लागतं, त्यामुळे वडीची कृती उचलून फक्त नाव बदललं की हिशेब कोसळलाच. नळी साफ करायची पावडर तर विचारातही घेऊ नका. ती बहुधा सोड्याचीच असते आणि काहींत अॅल्युमिनियमचे तुकडेही असतात.

आता टक्क्याचा मुद्दा. लेबलवर ‘शुद्ध’, ‘लॅब ग्रेड’ असं काहीही लिहिलेलं असो, बघायचा तो आकडा. लॅबच्या पेलेट्सवर बहुतेकदा ८५ टक्के छापलेलं असतं, कारण उरलेलं मुख्यतः पाणी असतं. म्हणजे महागडी बाटली या साध्या फ्लेक्सपेक्षा कमी ताकदीची निघू शकते. फरक किती पडतो ते ५०० ग्रॅम तेलांवर बघू: ऑलिव्ह ३२५, खोबरेल १२५, एरंडेल ५० ग्रॅम. दर ग्रॅमला लागणारं शुद्ध पोटॅश अनुक्रमे ०.१९०, ०.२५७ आणि ०.१८० ग्रॅम, एकूण १०२.९. त्यातून ३ टक्के सुपरफॅट (मुद्दाम साबण न करता ठेवलेलं जादा तेल) म्हणून वजा केले की ९९.८. ९० टक्क्यांचे फ्लेक्स असतील तर हे ०.९० ने भागून १११ ग्रॅम घ्यायचे. तेच १११ ग्रॅम ८५ टक्क्यांच्या पेलेट्सचे घातले तर सुपरफॅट ८ टक्क्यांच्या वर जातं. साबण गढूळ होतो, चार दिवसांत वर तेलाची कड दिसते. उलट, ८५ चा हिशेब करून ९० चे फ्लेक्स वापरले तर जवळपास ३ ग्रॅम पोटॅश मोकळं राहतं आणि हात चुरचुरतात. सुपरफॅट ३ टक्क्यांपुढे नेऊ नका. वडीत जादा तेल जिरून जातं, बाटलीत ते वर येतं.

पॅकिंगचा गुण इथे कापला. आतली पिशवी एकदा फाडली की पुन्हा बंद होत नाही, आणि नुसतं झाकण पुरेसं घट्ट बसत नाही. पोटॅश हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं, शिवाय कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पोटॅशियम कार्बोनेट बनतं, आणि ते तेलाचा साबण करत नाही. फ्लेक्स एकमेकांना चिकटलेले किंवा ओलसर चमकणारे दिसले, तर छापलेला ९० आता खरा नाही असं धरा. डबा उघडल्याबरोबर माल १११-१११ ग्रॅमच्या जाड झिप पिशव्यांत तोलून ठेवा. नऊ पिशव्या भरतात.

जुन्या मालाची खरी ताकद घरी काढता येते. १० ग्रॅम फ्लेक्स पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० ग्रॅम करा. दुसऱ्या ग्लासात २ ग्रॅम निर्जल सायट्रिक अॅसिड, थोडं पाणी आणि फिनॉल्फथॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) दोन-तीन थेंब. त्यात पोटॅशचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती ग्रॅम गेलं ते तोलायचं. १७५२ ला त्या ग्रॅमनी भागलं की टक्के मिळतात. १९.५ ग्रॅम गेलं तर माल ९० चा, २२ गेलं तर ८० वर उतरलेला. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. सायट्रिक मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं) असेल तर १७५२ च्या जागी १६०२ घ्या.

वापरताना हे फ्लेक्स पटकन विरघळतात, फुसफुस आणि चटचट आवाज करत. तो दोष नाही. ३३३ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात फ्लेक्स टाकायचे, फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. अॅल्युमिनियमशी पोटॅशची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि हातमोजे घालाच. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर चोळू नका. तेलं ७० अंशांना आणून द्रावण ओतलं आणि हँड ब्लेंडर फिरवला की मिश्रण आधी दाटतं. मध्येच फुटल्यासारखं दिसलं तरी घाबरू नका, ब्लेंडर चालू ठेवा. दाट झाल्यावर डबल बॉयलरवर दोन ते तीन तास, अर्ध्या अर्ध्या तासाने ढवळत, पेस्ट अर्धपारदर्शक होईपर्यंत. घाई असेल तर १११ ग्रॅम पाण्यात पोटॅश पूर्ण विरघळवून मग २२२ ग्रॅम ग्लिसरीन घाला, पेस्ट बरीच लवकर होते.

झालं की नाही हे पीएच पट्टीवर ठरवू नका. चांगला साबणही ९ ते १० दाखवतो, त्यामुळे पट्टी काहीच सांगत नाही. साबण पाण्यात विरघळवून फिनॉल्फथॅलीन टाकलं तरी तो गुलाबीच होणार. ही चाचणी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या पेस्टवर करायची. तिथे ठळक गुलाबी आला तर पोटॅश मोकळं आहे. १० ग्रॅम पेस्ट २० ग्रॅम गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बघा: पारदर्शक राहिलं तर तयार, दुधाळ दिसलं तर आणखी शिजवा. जादा पोटॅश निघालं तर २० टक्क्यांचं सायट्रिक द्रावण थोडं थोडं घाला. ३ ग्रॅम पोटॅशला असं साधारण १७ ग्रॅम द्रावण पुरतं. पीएच ७ वर आणायचा हट्ट केला तर साबण फुटून फॅटी अॅसिड वर तरंगेल.

बाकी खरेदीत फार विचार नको. पाणी मात्र डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून गाळ करतात. पातळ करताना पेस्टच्या वजनाइतक्या गरम पाण्यापासून सुरुवात करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर साय धरली असेल तर ५०-५० ग्रॅम पाणी वाढवत जा. ऑलिव्ह जास्त असलेल्या साबणाला २० टक्क्यांचं मिठाचं पाणी थेंबाने घालून दाटपणा आणता येतो, पण प्रमाण ओलांडलं की तो पुन्हा पातळ पडतो. खोबरेल जास्त असेल तर हा उपाय फारसा चालत नाही. सुगंध मोठ्या बाटलीत घालण्याआधी १०० ग्रॅमवर तपासा, काही तेलांनी साबण पाण्यासारखा पातळ होतो. सोडियम बेंझोएटसारखे प्रिझर्व्हेटिव्ह विकत घेऊच नका. ते आम्लधर्मी मालात काम करतात, इथे नाही. पेस्ट बंद डब्यात ठेवा आणि लागेल तेवढीच पातळ करा.

महिन्याला एखादाच घाणा काढणार असाल तर १ किलोपेक्षा ५०० ग्रॅमचा डबा बरा, ओल धरायच्या आत संपतो.