फोटो बघून सजवलेलं घर, चौदा महिने वापरल्यावर

घराचं काम संपून या महिन्यात चौदा महिने झाले. काम सुरू होण्याआधी वर्षभर मी फोटो जमवत होते. बैठकीच्या खोल्या, ओटे, कपाटं, पडदे असे सहाशेच्या वर फोटो फोनमध्ये साठले होते. त्यांतून बरंच शिकले. कोणते दोन रंग एकमेकांशेजारी शोभतात, भिंत किती रिकामी सोडायची, ही नजर त्या फोटोंनीच दिली. पण त्या सहाशेंत माणूस बसलेला फोटो शोधून सापडायचा नाही. आणि राहायला लागल्यावर ज्या गोष्टींनी सुख दिलं किंवा जीव मेटाकुटीला आणला, त्या जवळजवळ सगळ्या बसल्यावर, उठल्यावर, हात लांबवल्यावरच कळणाऱ्या निघाल्या. ज्यांचं काम आता सुरू व्हायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

सोफ्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. मला बुटका, खोल, ऐसपैस सोफा हवा होता आणि तसाच बनवून घेतला. बसायच्या जागेची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, 65 सेंटीमीटर. जमिनीपासून उंची 38. हात अगदी खाली, उशीसारखे. पहिले पंधरा दिवस सगळे खूश होतो. मग लक्षात आलं की आई त्या सोफ्यावर बसतच नाही, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घेते. म्हटलं, "आई, इकडे ये ना, नीट बस." ती म्हणाली, "अगं, बसेन, पण उठताना धरायला काही नाही." मग मी तिला बसवून नीट बघितलं. पाठ टेकली की पाय अधांतरी, पाय टेकवले की पाठ अधांतरी. दोन्ही एकदम टेकत नव्हतं. घरात सगळ्यात जास्त वेळ बैठकीच्या खोलीत असणारं माणूस तेच, आणि सोफा तिच्या मापाचाच नव्हता.

हे माप काढायला दोन मिनिटं लागतात. सपाट खुर्चीवर पाठ टेकवून बसायचं आणि पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत टेप धरायचा. त्यातून दोन-तीन बोटं वजा केली की त्या माणसाला सोसवणारी खोली मिळते. बहुतेक मोठ्या माणसांना 50 ते 55 सेंटीमीटर पुरते. उंची 43 ते 45 च्या आसपास असली की उठताना गुडघ्यांवर जोर येत नाही. घरात उंची-ठेवण वेगवेगळी असेल तर माप सगळ्यात ठेंगण्या माणसाचं घ्यावं. उंच माणूस कमी खोलीच्या सोफ्यावर निभावून नेतो, ठेंगण्याला जास्त खोली झेपत नाही. आमच्या सोफ्याला नंतर पाठीमागे बारा सेंटीमीटरची घट्ट उशी करून घेतली आणि पायांखाली सहा सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे स्क्रूने बसवले. आई आता बसते. हात मात्र अजून बुटकेच आहेत, म्हणून तिच्या बाजूला एक जड, न हलणारं छोटं टेबल ठेवलंय, ती त्यावर तळवा टेकवून उठते.

फोमबद्दलही एक सांगते, कारण इथे फसगत सहज होते. दुकानात आपण दाबून बघतो आणि घट्ट लागला की चांगला समजतो. घट्टपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, आणि फोम किती वर्षं टिकणार हे मुख्यतः तिच्यावर ठरतं. कमी घनतेचा फोमही बनवताना कडक करता येतो. तो हाताला छान घट्ट लागतो आणि वर्षभरात दबतो. आमच्या सोफ्याच्या दोन बैठकी एका घनतेच्या आणि तिसरी दुसऱ्या, असं काम करणाऱ्यानं न सांगता केलं होतं. आठव्या महिन्यात तिसऱ्या बैठकीवर खळगा दिसायला लागला तेव्हा ती उसवून बघितली आणि कळलं. तेव्हा बिलावर "चांगला फोम" असं लिहून घेऊ नका, घनतेचा आकडा लिहून घ्या. रोज बसायच्या जागेला घनमीटरमागे 32 किलोच्या खाली जाऊ नये, 40 असेल तर उत्तम.

आता पुस्तकांची मांडणी. फोटोंत ती लांबलचक, मध्ये एकही उभी फळी नसलेली दिसते आणि मला तेच आवडलं होतं. 120 सेंटीमीटर लांबीच्या, 18 मिलिमीटर प्लायच्या चार फळ्या केल्या. सुतारदादा तेव्हाच म्हणाले होते, "ताई, मध्ये एक टेकू देऊ या, झोळ येईल." मी नको म्हटलं. दहाव्या महिन्यात लेक म्हणाली की खालची फळी हसतेय. मी फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून बांधला आणि मधलं अंतर मोजलं. 11 मिलिमीटर.

यात प्लायचा दोष नव्हता. ओळीत उभी लावलेली पुस्तकं मीटरमागे सहज 25-30 किलो भरतात. फळी तशीच दाट भरली आणि लांबी दुप्पट केली, तर झोळ दुप्पट होत नाही, 16 पट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. त्यातून लाकडाचा स्वभाव असा की वजन सतत राहिलं तर ते हळूहळू आणखी वाकत जातं, म्हणून पहिल्या महिन्यात फळी सरळ दिसली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. दादा परत आले, फळ्या काढून उलट्या केल्या, मधोमध उभी फळी घातली आणि पुढच्या कडेला 40 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी लावली. ती पट्टी दिसायला किरकोळ, पण उभ्या लाकडाला वाकवणं फार अवघड असतं, त्यामुळे फळी खूप ताठ होते. परवा पुन्हा दोरा लावून बघितला. दोरा आणि फळी यांच्यामधून जेमतेम पोस्टकार्ड सरकतं. टेकू दिल्यावर मांडणी मला आधीपेक्षा जास्त आवडते, चौकोनांमुळे पुस्तकांना घरं मिळाल्यासारखी वाटतात.

उजेडाबद्दल मी सगळ्यात कमी विचार केला होता आणि त्यानंच घर सगळ्यात जास्त बदललं. बैठकीच्या भिंतींसाठी राखाडीकडे झुकणारा हिरवा रंग निवडला होता. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र उजेडात तो शांत, थंड दिसला. घरी भिंतीवर चढल्यावर दिवसा ठीक, पण संध्याकाळी पिवळे दिवे लागले की तोच रंग मातकट आणि पडद्यांचा हिरवा भलताच वेगळा. दुकानात मात्र दोन्ही तंतोतंत जुळले होते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, हे तेव्हा कळलं. शिवाय चार भिंतींवर चढलेला रंग एका भिंतीवरून दुसरीवर पडून नमुन्याच्या चिटोऱ्यापेक्षा गडद दिसतो. आता शयनखोलीला रंग देताना मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारले, तो पुठ्ठा आठवडाभर भिंतीभिंतीला टेकवून ठेवला आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून बघितला. तीन रंग बाद झाले. जो राहिला त्यावर एकदाही पस्तावा झाला नाही.

दिव्यांच्या खोक्यावर दोन आकडे असतात, ते वाचायची सवय लावून घ्या. पहिला केल्विनचा. 2700 ते 3000 म्हणजे उबदार पिवळसर, 4000 म्हणजे तटस्थ पांढरा, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आमच्या फॉल्स सीलिंगमधल्या पट्ट्या 6500 च्या बसल्या होत्या आणि रात्री खोलीत बसलं की दवाखान्यात वाट बघत बसल्यासारखं व्हायचं. त्या बदलून 3000 च्या लावल्या, बाकी काहीही हललं नाही, तरी घरी आलेली माणसं विचारायला लागली की नवीन काय केलंत. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ते जास्तीत जास्त 100. बाजारात 80 चे दिवे सर्रास मिळतात. 90 च्या वरचा लावला की फरक सगळ्यात जास्त लालसर गोष्टींत दिसतो. लाकूड, तांबं, माणसाची त्वचा, सगळं जिवंत होतं. आरशाजवळ आणि जेवणाच्या टेबलावर तरी 90 च्या वरचाच लावा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, बसवणार असाल तर डिमरवर चालणारेच एलईडी घ्या, नाहीतर ते लुकलुकतात. आमचे दोन बदलावे लागले.

ओट्यावरचा दिवा हे या घरातलं माझं सगळ्यात लाडकं काम. छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्यापाशी उभ्या माणसाची सावली नेमकी हातांवर पडते. वरच्या कपाटाच्या तळाला, भिंतीकडे नाही तर पुढच्या कडेकडे, एलईडीची पट्टी लावली आणि तिच्यावर दुधी झाकण बसवलं. झाकण नसेल तर चकचकीत दगडात एकेक ठिपका उमटतो आणि डोळ्यांत टोचतो. आईला आता चिरताना चष्मा शोधावा लागत नाही.

ओट्याखाली दाराच्या कपाटांऐवजी सगळीकडे ड्रॉवर करायचा निर्णयही असाच सार्थकी लागला. दाराच्या कपाटात मागचं भांडं काढायला गुडघ्यावर बसून पुढची चार भांडी बाहेर काढावी लागतात. ड्रॉवर ओढला की सगळं वरून दिसतं. एकच अट, चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, पूर्ण बाहेर येणारं हवं. साधं चॅनेल तीन-चतुर्थांशच उघडतं आणि मागचा कोपरा कायम अंधारात राहतो. हातांची आणि पावलांची अशी काळजी काही नवी नाही. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी छोटं स्वयंपाकघर आखलं, तेव्हा कामाला लागणारा वेळ आणि हालचाली तपासून प्रत्येक गोष्ट कुठे ठेवायची ते ठरवलं होतं. कोरड्या जिनसांसाठी त्यात ॲल्युमिनियमचे ओढायचे, तोटी असलेले कप्पे होते. त्या खोलीचे फोटो मी ओटा वापरायला लागल्यावर पुन्हा बघितले आणि पहिल्यांदा समजले.

सिंकखालचं कपाट मात्र सातव्या महिन्यात फुगलं. तिथे पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, वापरला होता, कडांना पट्टी नीट होती, पण पाइपसाठी जागेवरच जे भोक पाडलं त्याची कड उघडी राहिली आणि पाणी तिथून शिरलं. एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. सिंकखाली वॉटरप्रूफ प्लायच घाला आणि भोकाच्या कडेला सिलिकॉन भरून घ्या, कारागीर गेल्यावर हे काम कुणी करत नाही. बिजागऱ्यांना एव्हाना दोनदा स्क्रूड्रायव्हर लागला. दार तिरकं झालं की लोक घाबरतात, पण आजच्या कपाटाच्या बिजागरीला दार डावी-उजवीकडे, वर-खाली आणि आत-बाहेर सरकवायचे स्क्रू असतात. दादांनी लेकीला दाखवलं, ती आता करते.

उघड्या फळ्या ओट्यावर ठेवू नका. तेलकट वाफ आणि धूळ मिळून जो थर बसतो तो नुसत्या फडक्यानं निघत नाही, आमच्या दोन फळ्यांना दारं लागली. गडद मॅट सनमाइका सुंदर दिसतो पण बोटांचे ठसे धरतो, हँडल असेल तर प्रश्न निम्मा होतो. पडद्यांना खिडकीच्या रुंदीच्या अडीचपट कापड घेतलं, ते मनासारखं पडतं. गालिचा लहान घेतला, सोफ्याचे पुढचे पायसुद्धा त्यावर येत नाहीत आणि खोली आखडल्यासारखी दिसते. तो बदलायचाय.

आता आईच्या खोलीतलं कपाट राहिलंय. गेल्या रविवारी तिला भिंतीपाशी उभं केलं, टाचा न उचलता सहज जाईल तितका हात वर करायला सांगितला आणि बोटांपाशी पेन्सिलीनं खूण केली. 168 सेंटीमीटर. रोजच्या वस्तूंची शेवटची फळी त्या खुणेच्या खाली येणार, रजया वर जातील. दादा गुरुवारी माप घ्यायला येतायत, तोवर भिंत पुसायची नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.