ॲक्रोपोलिसच्या तिकिटाला लागणारा चुना

टूर कंपनीशिवाय ग्रीसला निघालेल्या माणसाला खिसेकापूंची भीती सगळेच घालतात. अथेन्सचं मोनास्तिराकी स्टेशन, पिरेयस बंदराकडे जाणारी मेट्रो, बॅग पुढे घ्या, वगैरे. सल्ला बरोबरच आहे. पण ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या, तिकिटात जे पैसे जातात ते भारतातच, रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून, आपल्याच बोटांनी कार्डाचा नंबर टाकून जातात.

प्रकार असा असतो. गुगलवर ॲक्रोपोलिसचं तिकीट शोधलं की वरची तीन-चार उत्तरं ‘प्रायोजित’ असतात. हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि घाईत दिसत नाही. उघडणाऱ्या पानावर टेकडीवरच्या पार्थेनॉन या मुख्य मंदिराचा फोटो, निळी-पांढरी रंगसंगती, नावात कुठेतरी ‘ऑफिशियल’ आणि लाल पट्टीत ‘या वेळेची फक्त काही तिकिटं शिल्लक’. पान तळापर्यंत सरकवलं तरच कळतं की हे स्वतंत्र विक्रेते आहेत आणि सरकारशी त्यांचा संबंध नाही. तिथवर जातं कोण? आणि ते वाक्य तिथे असतं म्हणूनच पुढे तक्रार टिकत नाही.

सरकारी तिकीट मिळतं ते ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाच्या ‘हेलेनिक हेरिटेज’ या ई-तिकीट साइटवर. तिच्या पत्त्यात दोन एच, त्याला जोडून ‘तिकीट’ हा इंग्रजी शब्द आणि शेवटी डॉट जीआर असतं. नुसता शेवट जीआर दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, ते डोमेन कुणालाही विकत घेता येतं. पत्ता सर्चमधून उघडण्यापेक्षा स्वतः टाइप करा. आणखी सोपी खूण म्हणजे तिथे ‘लाइन टाळा’, ‘फास्ट ट्रॅक’ असले प्रकारच नसतात. स्थळ, तारीख, वेळ, पूर्ण की सवलतीचं तिकीट, एवढंच विचारतात.

1 एप्रिल 2025 पासून ॲक्रोपोलिसचं पूर्ण तिकीट वर्षभर 30 युरो आहे, सवलतीचं 15. युरोपीय संघाबाहेरच्या 6 ते 25 वयाच्या मुलांना सवलतीचा दर लागू होतो आणि 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीय कुटुंबांचा मोठा तोटा इथेच होतो. आई-बाबा, कॉलेजातली 20 वर्षांची मुलगी आणि 12 वर्षांचा मुलगा असे चौघं धरा. सरकारी हिशेब 30 अधिक 30 अधिक 15 अधिक 15, म्हणजे 90 युरो. मधला विक्रेता ‘ऑडिओ गाइडसह’ 48 युरोचं एकच तिकीट विकत असेल, तर चौघांचे 192 होतात. फरक 102 युरोंचा, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. बदल्यात मिळतं काय, तर फोनमध्ये डाउनलोड करायचं एक ॲप. विशीतल्या मुलीला सवलत आहे हे अशी पानं आपणहून कशाला सांगतील? दर आणि सवलती बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशीचे आकडे सरकारी पानावरच बघा.

आता ‘लाइन टाळा’बद्दल. वर चढायला रोज जास्तीत जास्त 20,000 माणसं, असं बंधन 2023 च्या सप्टेंबरपासून आहे, आणि प्रत्येक तिकिटावर वेळ छापलेली असते. त्या वेळेच्या 15 मिनिटं आधीपासून 15 मिनिटं नंतरपर्यंत आत जाता येतं. ज्याच्याकडे ऑनलाइन तिकीट आहे त्याची खिडकीवरची रांग आपोआपच टळते, मग ते 30 युरोचं असो की 60 चं. तपासणीची आणि फिरत्या दाराची रांग मात्र कुणालाच टळत नाही. म्हणजे विकतात ती सोय सगळ्यांना फुकटच आहे. थेटराबाहेर उभा राहून ‘दो का चार’ करणारा निदान हाउसफुल सिनेमाचं तरी तिकीट विकायचा.

याहून वाईट फसवणूक व्हाउचरची. पैसे भरल्यावर ई-मेलने जी पीडीएफ येते ते तिकीट नसतं. त्यावर ‘अमुक मेट्रो स्टेशनच्या बाहेर छत्री घेतलेल्या आमच्या प्रतिनिधीला भेटा’ किंवा ‘कार्यालयातून तिकीट घ्या’ असं लिहिलेलं असतं. दारावरचं यंत्र व्हाउचर वाचत नाही. प्रतिनिधी उशिरा येतो, गर्दी असते, 15 मिनिटं निघून जातात आणि दारावरचा कर्मचारी वेळ उलटल्याचं दाखवून नकार देतो. विक्रेता म्हणतो, तुम्हीच वेळेत आला नाहीत. सरकारी तिकिटालाही रद्द करणं किंवा वेळ बदलणं नाही, हे खरं, पण ते हातात असतं आणि त्यावर काय छापलंय ते घरी बसून तपासता येतं. नेमकी वेळ न सांगता ‘पसंतीची वेळ, पुष्टी नंतर’ असं लिहिणाऱ्याकडून घेऊच नका.

पीडीएफ हातात आली की चार गोष्टी बघा: तारीख, वेळ, तिकिटाचा वर्ग आणि माणशी वेगळा कोड. वर्ग महत्त्वाचा आहे. पूर्ण पैसे घेऊन सवलतीचं तिकीट गळ्यात मारलेलं असेल, तर दारावर वयाचा पुरावा मागतात आणि अडकता तुम्ही. वॉट्सॲप ग्रुपवर ‘आमचं जाणं रद्द झालं, निम्म्या किमतीत देतो’ म्हणून फिरणारी पीडीएफ घेऊ नये, कारण तीच फाइल पाच जणांना विकता येते. कोड एकदा वाचला गेला की संपला. जो आधी पोचतो तो आत जातो.

‘कॉम्बो’ हा शब्दही तसाच. पूर्वी 30 युरोत ॲक्रोपोलिस आणि प्राचीन अगोरा, रोमन अगोरा, हेड्रियनचं ग्रंथालय, केरामेइकोस, ऑलिंपियन झ्यूसचं मंदिर, ॲरिस्टॉटलचं लायसियम अशी सात स्थळं, पाच दिवसांत बघायचं सरकारी एकत्रित तिकीट होतं. तेही 1 एप्रिल 2025 पासून बंद झालं. जुन्या प्रवासवर्णनांत त्याची भलामण अजून वाचायला मिळते, आणि तीच ओळख वापरून विक्रेते स्वतःचे गठ्ठे ‘कॉम्बो’ म्हणून विकतात. गठ्ठ्यातल्या प्रत्येक स्थळाचा सुटा दर लिहून काढा, बेरीज करा, मगच ठरवा. बहुतेकांना सातही स्थळं बघायची नसतातच.

दुसरा गोंधळ संग्रहालयाचा. टेकडीच्या पायथ्याचं, 2009 मध्ये उघडलेलं ॲक्रोपोलिस म्युझियम ही वेगळी संस्था आहे, तिचं तिकीट आणि साइटही वेगळी. टेकडीच्या तिकिटात पार्थेनॉन, इरेक्थिऑन हे दुसरं मंदिर, दक्षिण उतारावरचं डायोनिससचं नाट्यगृह येतं, संग्रहालय येत नाही. जाहिरातीत मात्र कॅरिएटिडचा फोटो असतो, म्हणजे खांबांच्या जागी उभ्या असलेल्या त्या स्त्रीमूर्ती. टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ सहांपैकी पाच या संग्रहालयात आहेत आणि एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. ‘ॲक्रोपोलिस टूर’ घेऊन मूळ मूर्ती बघायला मिळाल्या नाहीत, ही तक्रार यातूनच येते. मायसीनी या प्राचीन नगरीचंही तेच: 1876 मध्ये श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याला तिथे सापडलेला सोन्याचा मुखवटा बघायला लोक दिवसभराची सहल घेतात, तिथल्या संग्रहालयात त्याची नक्कल आहे. मूळ मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मंगळवारी ते दुपारी 1 वाजता उघडतं, सकाळी जाऊन दारात उभं राहू नका.

दाराशी ‘हॅलो, इंडिया?’ म्हणत येणारे गाइड सगळेच ठग नसतात. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळी माहिती सांगायला सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकाकडे फोटोचं ओळखपत्र असतं. ते आधी मागा. मग विचारा: पैसे माणशी की गटाचे, किती वेळ, कुठल्या भाषेत, प्रवेशाचं तिकीट धरून की वगळून. इथला नेहमीचा चकवा म्हणजे ‘माणशी 20 युरो, पाच मिनिटांत सुरू’. मग गट भरेपर्यंत अर्धा तास उन्हात उभं करायचं. तुमच्या तिकिटाची वेळ गेली तर ती जबाबदारी कुणाची नाही.

डेल्फी हे अपोलोच्या मंदिराचं प्राचीन स्थळ अथेन्सपासून सुमारे 180 किलोमीटरवर आहे. अथेन्सच्या लिओसिऑन बस स्थानकावरून केटेल या सार्वजनिक सेवेची बस जाते आणि साधारण तीन तास घेते. दिवसाला मोजक्याच बस असतात, म्हणून परतीचं तिकीट आधी घ्यावं. स्वस्त दिवसभराच्या सहलींत ‘पासून’ लिहिलेला दर बहुतेक वेळा फक्त गाडीचा असतो. 20 युरोचा प्रवेश वेगळा, चालक आत येऊन माहिती सांगू शकत नाही, आणि वाटेतल्या अराखोव्हा गावाच्या दुकानांसमोर जो वेळ जातो तो संग्रहालयातून कापलेला असतो. अवशेष आणि संग्रहालय दोन्हींना एकच तिकीट चालतं. वेळ कमी पडला तर संग्रहालयातला कांस्याचा सारथी, म्हणजे रथ हाकणाऱ्याचा पुतळा, आधी बघून घ्या. ‘संग्रहालय ऐच्छिक’ असं ज्या कार्यक्रमात लिहिलंय ती सहल घेऊ नका.

आता नाण्यांचं. मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात किंवा अवशेषांच्या वाटेवर कुणीतरी रुमालातून काळपट नाणं काढतो: एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड, ‘शेतात सापडलं’. हे चार द्राख्माचं चांदीचं नाणं. अस्सल असेल तर वजन 17 ग्रॅमच्या थोडं वर भरतं आणि ते ठशावर ठोकून घडवलेलं असतं. नकली बहुधा साच्यात ओतलेलं असतं, म्हणून कडेवर शिवणीसारखी रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी हवेची छिद्रं दिसतात. पण हे तपासायच्या फंदात पडूच नका, कारण दोन्हीकडून मरण आहे. नकली निघालं तर पैसे गेले. अस्सल निघालं तर ग्रीसच्या 2002 च्या 3028 क्रमांकाच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग यंत्रातून जाते. अवशेषांतून उचललेलं खापर किंवा संगमरवराचा तुकडाही याच कायद्यात येतो. घुबड हवंच असेल तर ग्रीसचं एक युरोचं नाणं जपून ठेवा, त्यावर तेच आहे. मूर्तींच्या प्रमाणित प्रतिकृती सरकारी संग्रहालयांच्या दुकानांत शिक्क्यासह मिळतात.

किरकोळ बाबी पटकन. एटीएम किंवा कार्ड मशीन ‘रुपयांत घ्यायचे का?’ विचारतं, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडले की भाव मशीनवाला ठरवतो. विमानतळ ते शहराच्या मध्यभागापर्यंत टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, दिवसा 40 युरो आणि मध्यरात्री 12 ते पहाटे 5 मध्ये 55. बसण्याआधी आकडा वदवून घ्या. अथेन्सच्या सिंटाग्मा-प्लाका भागात संध्याकाळी एकट्या पुरुषाशी गप्पा मारत ‘माझ्या ओळखीच्या बारमध्ये चल’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. तिथे शेजारी येऊन बसलेल्या बाईच्या पेयांचं बिल शेकड्यात येतं.

पैसे गेलेच, तर काय? परदेशी साइटवर भारतीय कार्ड वापरताना ओटीपी मागितला जाईलच असं नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय वापराची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये खरेदीपुरतीच उघडा आणि लगेच बंद करा. न केलेला व्यवहार दिसला आणि त्यात आपला निष्काळजीपणा नसेल, तर लगेच बँकेला कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वेळेत कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. शिवाय 1930 या भारतातल्या हेल्पलाइनवर सायबर तक्रार करा. आपणच भरलेल्या पैशांचं मात्र वेगळं असतं. तिकीट आलंच नाही, तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, टाकून पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते. तिकीट आलं पण महाग पडलं, तर जवळपास नाही. डिस्प्यूटसाठी पैसे भरण्याआधीच्या पानाचे स्क्रीनशॉट लागतात: दर, वचन दिलेली वेळ आणि पानाच्या तळाशी असलेलं विक्रेत्याचं नाव. ते त्याच वेळी काढून ठेवा, नंतर पान बदललेलं असतं. ग्रीसमध्ये असताना पर्यटक पोलिसांचा नंबर 1571 आहे. दारावर नकार मिळाला तर व्हाउचरवरचा मजकूर आणि नाकारल्याची वेळ तिथेच उभं राहून लिहून घ्या, बँकेच्या अर्जात हेच दोन तपशील आधी विचारतात.