अ‍ॅमस्टरडॅम आणि हेलसिंकीचं एआय रजिस्टर: साडेतीन स्टार

कुठल्याही शहराच्या वेबसाइटवर 'पारदर्शकता' असं बटण दिसलं की त्यामागे एक भलीमोठी स्कॅन केलेली पीडीएफ असणार, ज्यात सर्चसुद्धा चालत नाही, हे मी धरूनच चालते. त्यामुळे या दोन शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये एआय रजिस्टर काढलं, म्हणजे शहर कुठे कुठे अल्गोरिदम वापरतं त्याची सगळ्यांना बघता येईल अशी यादी, तेव्हा फार आशा नव्हती. पण वाचायला घेतलं आणि चक्क वाचता आलं.

अ‍ॅमस्टरडॅमची पार्किंगची नोंद बघा. कॅमेरेवाली गाडी रस्त्यानं फिरते, नंबरप्लेट वाचते, त्या नंबरचे पार्किंगचे पैसे भरलेत का ते तपासते, आणि नसतील भरले तरी लगेच दंड नाही, फोटो आधी माणसाकडे जातो, तो बघतो की बाबा ही गाडी खरंच पार्क केलीय की नुसती सिग्नलला थांबलीय किंवा सामान उतरवतायत. इतकं सरळ लिहिलंय. खाली डेटा कुठून येतो, भेदभाव होऊ नये म्हणून काय केलंय, माणसाची देखरेख कुठे आहे, असे वेगवेगळे कप्पे, ज्याला जेवढं खोल जायचंय तेवढं जा. हेलसिंकीकडे चॅटबॉट आणि लायब्ररीत पुस्तकं सुचवणारा बॉट वगैरे, ठीक आहे.

आणि घोडं इथंच पेंड खातं. सुरुवातीला दोन्ही शहरांच्या मिळून दहासुद्धा नोंदी नव्हत्या, आणि पुस्तकं सुचवणाऱ्या बॉटवरून कोण भांडायला जाणारे? यादीत काय टाकायचं हे शहरच ठरवणार, मग जे टाकलं नाही ते आपल्याला कळणार कसं?

अमेरिकेतल्या सॅन डिएगोत काय झालं? २०१६ मध्ये वीज वाचेल म्हणून नवे स्ट्रीटलाइट मंजूर झाले, ३,००० हून जास्त खांबांवर कॅमेरे आणि सेन्सर आले, २०१८ पासून पोलीस तेच फुटेज तपासाला वापरायला लागले, आणि लोकांना पत्ता लागला तो नंतर. मग जो आरडाओरडा झाला त्यावर महापौरांनी ते कॅमेरे बंद करायला सांगितलं, तेही सप्टेंबर २०२० मध्येच, योगायोग बघा. तिथे असं रजिस्टर असतं तर ही नोंद कुठल्या नावानं आली असती? 'स्ट्रीटलाइट'.

वरचा अर्धा स्टार अ‍ॅमस्टरडॅमला वेगळ्या गोष्टीसाठी दिलाय. डिसेंबर २०२१ पासून तिथे सार्वजनिक जागी सेन्सर लावायचा तर नोंद करावीच लागते, खाजगी कंपन्यांनासुद्धा, आणि ते सगळे नकाशावर दिसतात. मर्जीचा भाग नाही, नियम आहे.

राहिला दीड स्टार. पार्किंगच्या त्या पानावर, माणसानं मशीनचं म्हणणं किती वेळा खोडून काढलं तो आकडा दर महिन्याला टाका, मी लगेच रिव्ह्यू एडिट करते.